बाईंना विचारा : पीडीएफ आहे हो, पण पुढे काय?

मागच्या अंकात मी जाता जाता एक वाक्य लिहून गेले होते की मराठी शिकवायला, म्हणजे लेखन आणि साहित्य दोन्ही, नेटवर फुकट आणि कायदेशीर असं बरंच काही पडलंय, फक्त ते शोधायला बसतं कोण. झालं. त्या एका वाक्यावर पत्रं, मेसेज, व्हॉट्सअॅपवर व्हॉइस नोट, सगळं आलं. त्यातल्या निम्म्यांनी फक्त "बाई लिंक पाठवा" एवढंच लिहिलंय, त्यांना मी काही पाठवणार नाहीये. राग मानू नका. माझ्याच फोनमध्ये शिक्षकांच्या ग्रुपवरून आलेल्या शेकडो पीडीएफ पडून आहेत आणि त्यातल्या मी उघडल्या असतील दहा-बारा, म्हणजे रोग मलाही आहेच. ज्यांनी नीट आपली अडचण लिहिली त्यांची उत्तरं देते.

प्रश्न : बाई, आमची जिल्हा परिषदेची दोनशिक्षकी शाळा, माझ्याकडे तिसरी-चौथी एकत्र. वाचनालय म्हणजे एक पत्र्याची पेटी, त्यातली पुस्तकं पोरांची पाठ झालीत. शाळेत रेंज येत नाही, मारुतीच्या देवळापाशी उभं राहिलं तर येते. रंगीत प्रिंट परवडत नाही. नवीन गोष्टी कुठून आणू? — एक शिक्षिका, सुरगाणा तालुका

मारुतीची कृपा आहे म्हणजे काम भागेल. घरी किंवा देवळापाशी डाउनलोड करायचं आणि शाळेत ऑफलाइन वापरायचं, असंच करा.

पहिलं स्टोरीवीव्हर नावाचं संकेतस्थळ बघा. प्रथम बुक्स या प्रकाशनसंस्थेचा हा उपक्रम ८ सप्टेंबर २०१५ ला सुरू झाला, साक्षरता दिनाला. मराठीत भरपूर चित्रगोष्टी आहेत, पातळीप्रमाणे लावलेल्या, पहिल्या पातळीत पानाला एखाद-दुसरं वाक्य आणि चौथ्या पातळीपर्यंत जरा मोठ्या गोष्टी. पण माझ्या मते गोष्टींच्या संख्येपेक्षा त्यांचा परवाना जास्त महत्त्वाचा आहे. क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यावर आहे सगळं, म्हणजे तुम्ही छापा, वाटा, भाषांतर करा, बदला, कोणी विचारणार नाही, मूळ लेखक-चित्रकाराचं नाव तेवढं द्यायचं. आता हे तुमच्यासाठी का मोठं, तर तुमच्याकडची बरीच मुलं घरी कोकणा बोलत असणार. मग मराठी गोष्ट वर्गात वाचायची आणि पोरांनाच म्हणायचं, तुमच्या आजीला सांगायची तर कशी सांगाल? पोरं सांगतील ते तुम्ही फळ्यावर देवनागरीत उतरवायचं. त्यातला एक शब्द मराठीत कसा म्हणायचा यावरून वर्गात जी भांडणं होतात ना, तो खरा भाषेचा तास.

एक सावधगिरी मात्र. तिथली भाषांतरं वेगवेगळ्या लोकांनी केलेली आहेत आणि काहींना भाषांतराचा वास येतो, "ती खूप उत्साहित झाली" असली वाक्यं. आधी स्वतः मोठ्याने वाचून बघा. जीभ अडखळली तर ती गोष्ट टाकून देऊ नका, चौथीच्या पोरांना विचारा की हे आपण कसं बोललो असतो. माझ्या एका मैत्रिणीच्या वर्गात अशाच एका वाक्याला एका मुलीने "तिला कुठं ठेवू न कुठं नको झालं" असं केलं. मी तरी यात सुधारणा सुचवू शकले नसते.

दुसरं म्हणजे किशोर. बालभारतीचं मासिक, नोव्हेंबर १९७१ पासून निघतंय, आणि त्याचे जुने अंक बालभारतीने नेटवर फुकट ठेवलेत. हा इतका मोठा खजिना आहे आणि इतके कमी शिक्षक तो उघडतात की मला कधी कधी हसावं का रडावं कळत नाही. जुन्या अंकांची पानं साध्या काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवरही बरी उठतात, त्यामुळे तुमचा रंगीत प्रिंटचा प्रश्नही मिटतो. तिसरी-चौथीला काही मजकूर जड जाईल पण कविता, कोडी, छोट्या गोष्टी चालतील.

लेखनासाठी एक करून बघा. चित्रगोष्टीतली चित्रं तेवढी ठेवायची आणि खालचा मजकूर कागदाने झाकून झेरॉक्स काढायची. मुलांनी चित्राखाली स्वतःचं वाक्य लिहायचं, नंतर मूळ गोष्ट वाचायची. मी एका शाळेत पाहुणी म्हणून गेले होते तेव्हा कोंबडीच्या चित्राखाली एका पोराने लिहिलं होतं, "ही आमची नाही. आमची तुरेवाली होती. ती पाहुण्यांना गेली." तीन वाक्यं, जोडाक्षर एकच, आणि अख्खी गोष्ट आली की नाही.

आणखी एक, फोनच्या मराठी कीबोर्डवर तो माईक असतो ना, बोललं की टाइप होतं, त्याचा उपयोग करा. गावातल्या एखाद्या आजीला बसवून गोष्ट सांगायला लावायची (देवळापाशीच बसवा, रेंजचं काम आहे) आणि फोनला ती लिहू द्यायची. फोन सहसा विरामचिन्हं देत नाही आणि गावाकडचे शब्द ऐकून भलतंच लिहितो, मग तो मजकूर वहीत उतरवून घ्यायचा आणि पोरांना द्यायचं दुरुस्त करायला. पूर्णविराम कुठे द्यायचा हे मी ३१ वर्षं नियम सांगून शिकवलं आणि फारसं कोणी शिकलं नाही. आजी कुठे थांबली हे ऐकून मात्र पोरं बरोब्बर देतात.

प्रश्न : मी नववी-दहावीला मराठी शिकवतो. कृतिपत्रिकेत प्रसंगलेखन, आत्मकथन, वैचारिक असे प्रकार असतात. मुलं सरळ नेटवरून निबंध उतरवून आणतात, आता तर एआयकडून लिहून आणतात. त्यापेक्षा आपणच त्यांना चांगले आदर्श निबंध द्यावेत असं वाटतं. अशी एखादी दर्जेदार मोफत साइट सुचवा. — एक शिक्षक, लातूर

नाही सुचवणार. सर, उद्धट वाटेल पण ऐका.

पावसातला एक दिवस या विषयावर मी एकदा ४२ वह्या तपासल्या होत्या, तेव्हा नेट नव्हतं, गाईड होतं. ४२ पैकी कितीतरी जणांच्या निबंधात आकाशात काळे ढग "दाटून" आले होते, मृद्गंध "दरवळला" होता आणि शेवटी बळीराजा "सुखावला" होता. आमची शाळा चाळीच्या मधोमध, त्या वर्षी पोरांच्या घरात गुडघाभर पाणी आलेलं, बळीराजा कुणी पाहिलेला नाही. आदर्श निबंधाने पोरं एवढंच शिकतात की निबंध ही आधीच कुठेतरी लिहून ठेवलेली वस्तू आहे आणि आपलं काम ती शोधून आणायचं. मग ती गाईडमधून आणतात, नेटवरून आणतात, आता एआयकडून आणतात, यात त्यांचं काय चुकलं? आपणच तर आणायला शिकवलं.

त्याऐवजी खरं लिहिलेलं वाचायला द्या. आणि ते सगळं फुकट आहे. मुक्ता साळवेचा निबंध तुम्हाला माहीत असेलच, जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली विद्यार्थिनी, मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने लिहिलेलं ज्ञानोदय या नियतकालिकात १८५५ साली छापून आलं. तेव्हा तिचं वय चौदाच्या आसपास, म्हणजे तुमच्या नववीतल्या मुलीएवढं. मजकूर नेटवर सहज सापडतो. आपण तो इतिहास म्हणून सांगतो, सावित्रीबाईंच्या जयंतीला भाषणात दोन ओळी येतात आणि संपलं. निबंध म्हणून तो वर्गात कुणी वाचत नाही. ती वाद कसा घालते बघा, वेद जर आमचे नाहीत तर आमचा धर्म कोणता हे ती सरळ विचारते, घाबरत नाही. आणि मग एकदम खाली जमिनीवर येते, आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा घरावर छप्परसुद्धा नसतं, थंडी पाऊस वाऱ्यात त्यांचं काय होत असेल. मोठा प्रश्न आणि लगेच डोळ्यांना दिसणारी गोष्ट. वैचारिक लेखन कशाला म्हणतात याचं याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही, आणि ते एका शाळकरी मुलीने लिहिलंय.

ते छपराचं वाक्य वाचून झालं की वही काढायला सांगायची आणि एकच प्रश्न द्यायचा, तुमच्या घरात पाऊस कुठून येतो? मी निवृत्त व्हायच्या आधीच्या दोन वर्षांत हे केलं. एकाने लिहिलं, "आमच्याकडे तीन पातेली आणि एक बादली लागते. बादली बाबांच्या बाजूला कारण ते हलत नाहीत." एका मुलीने लिहिलं की त्यांच्या घरात पाऊस येतच नाही, आठव्या मजल्यावर खिडक्या बंद केल्या की आवाजही येत नाही, आणि तिला त्याचं वाईट वाटतं. ढग दाटले नाहीत कुणाचे, हे विशेष.

आत्मकथनासाठी लक्ष्मीबाई टिळकांची स्मृतिचित्रे घ्या. पहिला भाग १९३४ चा, लक्ष्मीबाई १९३६ ला गेल्या, त्यामुळे प्रताधिकार, म्हणजे कॉपीराईट, कधीच संपलाय आणि जुन्या प्रतींचे स्कॅन इंटरनेट अर्काइव्हवर सापडतात. पूर्ण पुस्तक वाचायला लावू नका, पळून जातील. एक प्रसंग, दीड पान, मोठ्याने वाचायचं. बोलल्यासारखं लिहिणं म्हणजे बावळट लिहिणं नव्हे हे पोरांना कळलं तरी खूप झालं.

मराठी विकिस्रोतही बघून ठेवा, तिथे प्रताधिकार संपलेलं साहित्य युनिकोडमध्ये (म्हणजे कुठेही नेलं तरी मराठीच राहतील अशा अक्षरांत) टाइप केलेलं मिळतं, ज्ञानेश्वरी आहे, तुकारामांची गाथा आहे, श्यामची आई आहे. युनिकोडचा फायदा असा की उतारा कॉपी करून थेट स्वतःची कृतिपत्रिका बनवता येते, स्कॅनमधून टाइप करत बसायला नको. आणि बालभारतीच्या ई-लायब्ररीत फक्त आपल्या इयत्तेचं पुस्तक बघू नका, प्रथम भाषेची कुमारभारती शिकवत असाल तर द्वितीय भाषेची अक्षरभारती उघडा, अकरावी-बारावीची युवकभारती उघडा. वेगळा उतारा हवा असेल तर तिथे तयार आहे, स्वाध्यायासकट.

एआयचं म्हणाल तर, कुणी लिहिलंय ते ओळखत बसू नका, त्यात आपली पोलिसासारखी अवस्था होते आणि चुकून एखाद्या हुशार पोरीवर आळ येतो. लेखन वर्गात करून घ्या, दहा मिनिटं, हाताने, तुमच्यासमोर. घरी पोरांना काय करायचं ते करू द्या. उलट एकदा तुम्हीच एआयकडून पावसावरचा निबंध लिहून आणा आणि वर्गाला त्याची उलटतपासणी घेऊ द्या. कोण भिजलं? कुठल्या स्टॉपवर? चप्पल तुटली का? घरी गेल्यावर आई काय म्हणाली? त्या निबंधाकडे एकाही प्रश्नाचं उत्तर नसतं, आणि हे पोरांना तुमच्या-माझ्याआधी कळतं.

प्रश्न : बाई, मी तुमचाच विद्यार्थी, आता खासगी शाळेत मराठी शिकवतो. एका प्रसिद्ध लेखकाचं पूर्ण पुस्तक पीडीएफ करून पालकांच्या ग्रुपवर टाकलं तर मुख्याध्यापकांनी झापलं, म्हणाले कॉपीराईट. शिकवण्यासाठी तर सगळं चालतं ना? — तुमचा (मागच्या बाकावरचा) विद्यार्थी, पुणे

मागच्या बाकावरचा म्हणजे कोण ते ओळखलं मी. तुझे मुख्याध्यापक बरोबर आहेत आणि तूही थोडासा बरोबर आहेस.

आपला प्रताधिकार कायदा १९५७ चा. त्याच्या ५२ व्या कलमात शिक्षक किंवा विद्यार्थी शिकवण्याच्या ओघात एखादी कृती उतरवून घेत असतील तर त्याला सूट आहे, प्रश्नपत्रिकेत उतारा घेण्यालाही आहे. दिल्ली विद्यापीठातल्या झेरॉक्स दुकानावर मोठ्या प्रकाशकांनी केस केली होती, अभ्यासक्रमातली प्रकरणं एकत्र करून विकतो म्हणून, त्यात २०१६ साली दिल्ली हायकोर्टाने प्रकाशकांच्या विरोधात निकाल दिला. म्हणजे वर्गासाठी कथा झेरॉक्स करून दिलीस तर मी तुझ्या बाजूने उभी राहीन. पण अख्खं पुस्तक, तेही पालकांच्या ग्रुपवर, जिथून ते मावशीच्या ग्रुपवर आणि तिथून टेलिग्रामवर जाणार, याला शिकवणं म्हणत नाहीत रे. मराठी पुस्तकाची आवृत्ती किती लहान असते माहितीये ना तुला? शंभर जणांनी फुकट वाचलं तर लेखकाला त्याचा चांगलाच फटका बसतो.

प्रताधिकार कधी संपतो याचा हिशोब सोपा आहे. लेखक गेला त्या वर्षाच्या पुढच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं मोजायची. साने गुरुजी १९५० ला गेले, त्यांचं साहित्य २०११ च्या १ जानेवारीला मोकळं झालं. मर्ढेकर १९५६, म्हणून २०१७. चिं. वि. जोशी १९६३ ला गेले, म्हणून चिमणराव २०२४ च्या १ जानेवारीपासून तुझा-माझा झाला, तो खुशाल घे, वर्गात नाटुकलं करून घे त्याचं. कुसुमाग्रजांसाठी २०६० पर्यंत थांबायचं आणि पुलंसाठी २०६१, मी काही थांबत नाही, तू बघ. आणि एक फसवी जागा सांगते, मूळ ग्रंथ मोकळा असला तरी त्याचं नवीन भाषांतर, नवीन प्रस्तावना, अर्थ आणि टिपा या ज्याच्या त्याच्या असतात. ज्ञानेश्वरी मोकळी आहे, गेल्या वीस वर्षांत कुणी लिहिलेला तिचा अर्थ नाही.

आजच्या लेखकांचं हवं असेल तर ई-साहित्य प्रतिष्ठानकडे जा, तिथे लेखकांनी आपखुशीने फुकट वाचायला दिलेली पुस्तकं आहेत. दर्जा सरसकट सारखा नाही, निवडून घ्यावं लागतं. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानेही आपली शेकडो प्रकाशनं संकेतस्थळावर पीडीएफ करून ठेवलीत, त्यात चरित्रं आहेत, लोकसाहित्य आहे, भाषांतरं आहेत. मुखपृष्ठं बघून कंटाळा येईल, आत बघ.

प्रश्न : मी गोव्यात एमए मराठी करतेय. जुने शब्द अडतात आणि ग्रंथालयातला मोठा कोश बाहेर नेता येत नाही. ऑनलाइन विश्वासाचा कोश कोणता? — एक विद्यार्थिनी, फोंडा

शिकागो विद्यापीठाने दक्षिण आशियातल्या भाषांचे कोश डिजिटल करून सगळ्यांना मोकळे ठेवलेत. त्यात मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आहे, १८५७ ची दुसरी आवृत्ती, दात्यांचा महाराष्ट्र शब्दकोश आहे, १९३२ ते १९५० मधला, आणि तुळपुळे-फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोशही आहे. एमएला हा शेवटचा लागेल, महानुभावीय गद्य वाचताना तर तो उघडाच ठेव. दाते कोशाची गंमत तुला जास्त कळेल, शब्दापुढे कंसात बारीक खुणा असतात, गो. म्हणजे गोमंतकी, कों. म्हणजे कोंकणी, व. म्हणजे वऱ्हाडी. तुझ्या घरात बोलतात ते शब्द त्या गो. खाली शोध आणि आईला विचार की हा अजून असाच वापरतात का. यातून तुझा लघुप्रबंध निघेल, मला श्रेय देऊ नकोस.

साइट जुनाट दिसते. ते झेपत नसेल तर बृहद्कोश नावाचं मराठी संकेतस्थळ आहे, एक शब्द टाकला की बरेच कोश एकदम समोर येतात, फोनवरही नीट चालतं. पारिभाषिक शब्दांसाठी भाषा संचालनालयाचे कोश. आणि शब्दापेक्षा विषय अडला, म्हणजे महानुभाव पंथ काय किंवा लावणी काय, तर मराठी विश्वकोश, वाईच्या मंडळाने केलेले वीसही खंड नेटवर मोफत आहेत. नोंदीखाली लिहिणाऱ्याचं नाव असतं, त्यामुळे संदर्भ देतानाही अडचण नाही.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत. मुलगी ९ वर्षांची, मराठी बोलते पण वाचायचं म्हटलं की रडते. रविवारच्या मराठी शाळेत मीच शिकवते. — एक आई

रडणारच, इंग्रजी ती सरसर वाचते आणि मराठीत एकदम पहिलीत येऊन बसते, अपमान वाटतो पोरांना. तिच्या वयाची गोष्ट देऊ नका, स्टोरीवीव्हरवर पहिल्या पातळीची घ्या आणि तीच गोष्ट तिथे बहुतेकदा इंग्रजीतही असते ती आधी वाचू द्या. मग तिलाच म्हणा, मराठीत कुठे बिघडवलंय ते शोध. चुका काढायला मुलांना फार आवडतं.

दुसरं, गाणी. आठवणीतली गाणी या संकेतस्थळावर गाण्यांचे शब्द देवनागरीत आहेत, कवी-संगीतकाराच्या नावासकट. जे गाणं तिला पाठ आहे तेच समोर ठेवून गात गात बोट फिरवायचं. पाठ असलेलं वाचणं ही फसवणूक आहे असं काही लोक म्हणतात. आपण सगळे मनाचे श्लोक तसेच "वाचायला" शिकलो, काही बिघडलं नाही. आणि आजीला मेसेज मराठीतच टाइप करायचा, मिंग्लिश चालणार नाही, एवढा एकच नियम घरात ठेवा. आजीलाही सांगून ठेवा.

प्रश्न : निवृत्त आहे, नातवंडांसाठी जुन्या गोष्टी जमवतोय. पीडीएफमधला मजकूर कॉपी केला की चिनी-जपानीसारखं काहीतरी येतं. व्हायरस असेल का? — एक आजोबा, सांगली

नाही हो काका, व्हायरस नाही, फॉन्ट आहे. पूर्वीचं मराठी टायपिंग असं होतं की आत इंग्रजी अक्षरं आणि खुणा असायच्या आणि वरून त्यांना मराठीचा मुखवटा चढवलेला असायचा. फॉन्ट काढला की मुखवटा गळतो. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, म्हणून ते कुठेही नेलं तरी मराठीच राहतं. उपाय असा, त्या पानाचा फोटो काढा, गूगल ड्राइव्हवर चढवा आणि तिथून गूगल डॉक्समध्ये उघडा, फोटोखाली मजकूर टाइप होऊन येतो, मराठीसुद्धा ओळखतं. र्‍हस्व-दीर्घ आणि जोडाक्षरं थोडी चुकतात, ती नातवंडांना दुरुस्त करायला लावा. चुकीमागे एक रुपया ठेवा, जरा चुरस राहते.

प्रश्न : इंग्रजीच्या शिक्षकांसाठी पण दोन ओळी? — एक शिक्षिका, अमरावती

दोनच. प्रोजेक्ट गुटेनबर्गवर हजारो जुनी इंग्रजी पुस्तकं फुकट आहेत, १९७१ पासून चाललेला उपक्रम आहे, पण तो अमेरिकेतला कायदा बघून पुस्तकं ठेवतो, आपली साठ वर्षं आपण मोजायची. लेखनाचं तंत्र, परिच्छेद, संदर्भ कसे द्यायचे हे अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या ऑनलाइन लेखन प्रयोगशाळेवर मोफत आहे, पण ते मुख्यतः कॉलेजच्या मुलांसाठी लिहिलंय, सातवीला द्याल तर पोरं आणि तुम्ही दोघंही वैतागाल.

प्रश्न : बाई, हे सगळं ठीक, पण साइटच बंद पडली तर? आमच्या वर्गात ऐन तासाला पान उघडत नाही. — एक शिक्षक, पालघर

पडते, खरंय. पत्ते बदलतात, सर्व्हर झोपतो, आणि हे नेमकं तपासणीला कोणी आलं की होतं. म्हणून तासाला लागणारं सगळं आदल्या रात्री उतरवून ठेवायचं, एक प्रत फोनमध्ये, एक पेनड्राइव्हवर. फाइलीला "नवीन १", "नवीन १ फायनल" अशी नावं देऊ नका, इयत्ता, लेखक आणि कशासाठी एवढं देवनागरीत लिहा, नाहीतर तासाला शोधत बसाल. आणि पेनड्राइव्हवर स्वतःचं नाव चिकटवा, माझे तीन स्टाफरूममधून गेलेत, त्यातला एक तर अख्ख्या किशोरसकट.